लोकांनी एक-एक रुपया जमवून जेपींसाठी डायलिसिसचं मशीन घेतलं आणि पंतप्रधानांचा चेक परत गेला

मार्च १९७९. संसदेचं अधिवेशन सुरू होतं. पंतप्रधान मोरारजी देसाई उभे राहिले आणि त्यांनी सभागृहाला सांगितलं की जयप्रकाश नारायण आता आपल्यात नाहीत. श्रद्धांजलीची भाषणं झाली, सभागृह तहकूब झालं. रेडिओवरून बातमी देशभर पोचली. मुंबईत पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलबाहेर गर्दी जमायला लागली.

पण जेपी जिवंत होते. जसलोकमध्येच उपचार घेत होते.

चुकीच्या माहितीवर देशाच्या संसदेनं एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली होती. नंतर सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण त्या दिवशी बातमीवर कुणी शंका घेतली नाही, कारण गेल्या तीन वर्षांहून जास्त काळ जेपी मशीनच्या आधारावर जगत होते. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून अनेकदा डायलिसिस केल्याशिवाय त्यांचं शरीर चालत नव्हतं.

आणीबाणी, संपूर्ण क्रांती, जनता पक्ष या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण ज्या माणसामुळे १९७७ साली दिल्लीतलं सरकार बदललं, तो माणूस ती निवडणूक एका डायलिसिसपासून दुसऱ्या डायलिसिसपर्यंतचे दिवस मोजत लढला, हे फारसं सांगितलं जात नाही.

तुरुंग त्यांच्यासाठी नवीन नव्हता

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा. गाव सिताबदियारा, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवरचं. १९२० साली त्यांचं प्रभावतींशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी असहकार आंदोलनाच्या लाटेत त्यांनी पाटण्याचं कॉलेज सोडलं आणि १९२२ साली शिकायला थेट अमेरिका गाठली. तिथे द्राक्षांच्या मळ्यात काम केलं, हॉटेलात भांडी घासली, त्या पैशांवर शिक्षण केलं. १९२९ साली परतले तेव्हा ते मार्क्सवादी झाले होते आणि गांधीजींच्या आश्रमात राहिलेल्या प्रभावतींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. हा संसार वेगळ्याच वाटेनं गेला, पण शेवटपर्यंत टिकला.

महाराष्ट्राशी त्यांचं नातं जुळलं तेही तुरुंगातच. १९३२ साली ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी मंडळी भेटली, चर्चा रंगल्या आणि त्यातूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.

१९४२ साली जेपी हजारीबागच्या तुरुंगात होते. दिवाळीच्या रात्री पहारेकरी सणाच्या धांदलीत असताना धोत्यांना गाठी मारून त्यांनी भिंत ओलांडली. पाच साथीदारांसह ते पळाले, नेपाळच्या जंगलात आझाद दस्ता उभारला. १९४३ मध्ये पुन्हा पकडले गेले. मग लाहोरचा किल्ला, तिथले छळ आणि १९४६ साली सुटका.

स्वातंत्र्यानंतर मंत्रिपद त्यांच्यासाठी फार लांबची गोष्ट नव्हती. पण १९५२ साली त्यांनी पुण्यात २१ दिवसांचं उपोषण केलं आणि त्यानंतर ते सत्तेच्या राजकारणापासून दूरच गेले. १९५४ साली त्यांनी विनोबांच्या भूदानासाठी जीवनदान जाहीर केलं. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, त्यामागेही जेपी होते.

१९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावती कॅन्सरनं गेल्या. जेपी सत्तरीत होते, मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता आणि आता ते एकटे होते. सगळ्यांना वाटलं, हा माणूस निवृत्त होणार. झालं उलटंच. १९७४ साली बिहारच्या विद्यार्थ्यांनी त्यांना नेतृत्व करायला सांगितलं आणि ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नोव्हेंबरमध्ये पाटण्यात पोलिसांच्या लाठ्या त्यांच्या दिशेनंही आल्या, तेव्हा नानाजी देशमुख मध्ये पडले.

२६ जून १९७५ ची पहाट

२५ जून १९७५ च्या संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जेपींची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागू झाली. पहाट व्हायच्या आत पोलीस गांधी पीस फाउंडेशनमध्ये पोचले आणि ७२ वर्षांच्या जेपींना झोपेतून उठवून घेऊन गेले.

आधी हरियाणातलं सोहना, मग दिल्लीचं एम्स आणि जुलैच्या सुरुवातीला चंदीगडचं पीजीआय हॉस्पिटल. नावाला हॉस्पिटल, प्रत्यक्षात स्थानबद्धता. बाहेर पहारा आणि बोलायला कुणी नाही.  इथे ते एकटे होते. त्यांनी डायरी लिहायला घेतली. ती पुढे पुस्तकरूपानं आली.

हळूहळू तब्येत ढासळायला लागली. अन्न नकोसं झालं, पोटात दुखायला लागलं, अंगावर सूज आली. अखेर १२ नोव्हेंबर १९७५ ला सरकारनं त्यांना पॅरोलवर सोडलं. पुन्हा दिल्ली आणि त्याच महिन्यात मुंबईचं जसलोक.

यात एक योगायोग आहे. जसलोक तेव्हा अगदी नवं हॉस्पिटल होतं. १९७३ साली त्याचं उद्घाटन झालं होतं आणि ते केलं होतं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी.

जसलोकमध्ये किडनीविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली तपासण्या झाल्या. निदान गंभीर होतं. दोन्ही किडन्या जवळपास पूर्ण निकामी झाल्या होत्या आणि त्या पुन्हा काम करू लागण्याची शक्यता नव्हती. जगायचं तर डायलिसिस, तेही आयुष्यभर.

कोठडीतच किडन्या बिघडवल्या गेल्या का, असा संशय त्यांच्या समर्थकांनी तेव्हापासून व्यक्त केला. पुढे जनता सरकारनं त्यांच्या स्थानबद्धतेतल्या उपचारांची चौकशीही लावली. वैद्यकाच्या बाजूनं एवढं लक्षात ठेवायला हवं की मधुमेहासारख्या आजारात किडनी वर्षानुवर्षं आतल्या आत झिजत राहते. बराचसा भाग निकामी होईपर्यंत माणसाला जाणवतही नाही. लक्षणं दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

डायलिसिस म्हणजे नेमकं काय?

निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं आणि लिटर-दीड लिटर लघवी बाहेर पडते. हे काम थांबलं की युरिया, पोटॅशियम आणि पाणी शरीरात साठत जातं.

डायलिसिसमध्ये रक्त नळीवाटे बाहेर काढून एका बारीक पडद्याच्या एका बाजूनं फिरवतात. दुसऱ्या बाजूनं ठरावीक क्षार मिसळलेलं पाणी वाहतं. रक्तातली घाण पडद्यातून पलीकडे जाते, जास्तीचं पाणी खेचून घेतलं जातं आणि स्वच्छ रक्त शरीरात परत येतं. एका वेळेला साधारण चार तास लागतात, शंभर लिटरपेक्षा जास्त शुद्ध पाणी लागतं आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच.

हे मशीन पहिल्यांदा बनवलं नेदरलँड्समधल्या डॉ. विलेम कोल्फ यांनी. दुसरं महायुद्ध चालू होतं, देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि सामान मिळत नव्हतं. कोल्फनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली, लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर गुंडाळली आणि १९४३ साली त्यातून माणसाचं रक्त फिरवलं. १९४५ मध्ये त्या मशीननं पहिल्यांदा एका वृद्ध बाईंचा जीव वाचला.

१९७५ च्या भारतात डायलिसिस मोजक्याच मोठ्या हॉस्पिटलांत होतं. मशीन परदेशातून यायचं आणि खर्च सामान्य माणसाच्या स्वप्नातही न बसणारा होता.

एक रुपयाचं आवाहन

जेपी कायम मुंबईत राहू शकत नव्हते. त्यांचं घर, त्यांची माणसं पाटण्यात होती. तिथे राहायचं तर मशीन घरीच हवं. त्याला पैसे लागणार होते आणि आयुष्यभर सत्तेबाहेर राहिलेल्या या माणसाकडे ते नव्हते.

मग त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि चाहत्यांनी ठरवलं की मशीन लोकांच्या पैशातून घ्यायचं. आवाहन झालं ते एका माणसाकडून एक रुपया, असं.

काळ कुठला होता हे विसरून चालणार नाही. आणीबाणी चालू होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, हजारो लोक तुरुंगात होते. सरकारनं ज्याला देशाच्या सुरक्षेला धोका ठरवलं होतं, त्याच्या नावानं रुपया देणं हीसुद्धा एक राजकीय कृती होती. तरी रुपये जमत गेले.

मग घडली ती गोष्ट, जी आजही ऐकणाऱ्याला थांबवते. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून ९० हजार रुपयांचा चेक जेपींच्या मशीनसाठी पाठवला.

दोन घरांचं नातं जुनं होतं. इंदिराजींच्या आई कमला नेहरू आणि प्रभावती या जिवलग मैत्रिणी. जेपी नेहरूंना भाऊ मानत आणि इंदिरा त्यांच्यासाठी पुतणीसारखी. त्यामुळे चेक आला तेव्हा सुरुवातीला तो ठेवून घेतला गेला. पण ज्या लोकांनी जपून ठेवलेला रुपया दिला होता, त्यांच्यात नाराजी पसरली. ज्या सरकारनं कैदेत टाकलं, त्याच सरकारच्या पैशावर जेपी जगणार का, हा प्रश्न होता.

१९७६ साली जेपींनी इंदिराजींना पत्र लिहून चेक परत केला. त्यात राग नव्हता. आवाहन सामान्य लोकांना होतं, गरजेइतके पैसे त्यांच्याकडूनच जमले आहेत, तेव्हा ही रक्कम दुसऱ्या गरजूंच्या कामी यावी, असा त्यांचा सूर होता.

मशीन आलं. पाटण्याच्या कदमकुआँ भागातल्या घरात बसवलं गेलं.

दोन डायलिसिसच्या मधली निवडणूक

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी अचानक लोकसभा निवडणूक जाहीर केली. विरोधक तुरुंगातून नुकतेच बाहेर येत होते. त्यांच्याकडे पैसा नव्हता, वेळ नव्हता आणि चार पक्षांची चार तोंडं होती. त्यांना एकत्र बांधू शकेल असं एकच नाव होतं. जेपींनी स्पष्ट केलं की सगळे एका झेंड्याखाली आले तरच आपण प्रचार करू. जनता पक्ष उभा राहिला.

आता डायलिसिसवरच्या माणसाचा आठवडा कसा असतो ते बघा. डायलिसिसचा दिवस त्यातच जातो. त्यानंतर रक्तदाब खाली येतो, पाय गोळा येतात, अंगात त्राण राहत नाही. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी साठलेलं असतं, दम लागतो. पाणी किती प्यायचं, मीठ किती, केळं खायचं की नाही, प्रत्येक गोष्ट मोजूनमापून.

अशा आठवड्यांतून बरे जाणारे दिवस वेचून जेपी देशभर फिरले. पाटणा, कोलकाता, मुंबई, पुणे, इंदूर, हैदराबाद. डायलिसिसची सोय जिथे असेल तिथून जवळचं शहर, सभा आणि पुन्हा मशीन. दिल्लीत रामलीला मैदानावर सभा होती तेव्हा लोकांनी घरी बसावं म्हणून दूरदर्शनवर त्या वेळचा सुपरहिट बॉबी लावला गेला. मैदान तरीही भरलं.

निकाल लागला. जनता पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी हरल्या. २४ मार्चला जेपींनी राजघाटावर नव्या खासदारांना शपथ दिली आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

त्यानंतर जेपी पराभूत इंदिराजींच्या घरी जाऊन त्यांना भेटून आले.

सिएटल आणि हृदयाचा प्रश्न

निवडणुकीची धावपळ शरीराला सोसली नव्हती. १९७७ च्या मे महिन्यात जेपींना उपचारासाठी अमेरिकेतल्या सिएटलला नेण्यात आलं. सिएटलच का, तर दीर्घकाळ डायलिसिस करण्याची सुरुवातच त्या शहरात झाली होती.

कोल्फच्या मशीनची एक अडचण होती. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागायची आणि काही दिवसांत जागाच उरायची नाही. १९६० साली सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली. तिला शंट म्हणतात. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगला.

पण मशीन थोडी आणि रुग्ण फार. त्यामुळे १९६० च्या दशकात सिएटलमध्ये सामान्य नागरिकांची एक समिती बसून कुणाला डायलिसिस द्यायचं ते ठरवायची. बाकीच्यांना नाही म्हणायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि क्लाइड शील्ड्स गेला कशानं? किडनीनं नाही, हृदयानं. आजही डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार हेच आहे.

कारण सरळ आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेलं पाणी हृदयालाच ढकलावं लागतं. रक्तदाब चढा राहतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गणित बिघडतं आणि चुना साठावा तसं कॅल्शियम रक्तवाहिन्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर बसतं. झडप कडक होते, नीट उघडत नाही.

गंमत म्हणजे स्क्रिब्नरच्या शंटच्याच वर्षी, १९६० साली, सिएटलपासून तीनशेएक किलोमीटरवरच्या पोर्टलंडमध्ये डॉ. अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांनी माणसाच्या हृदयात कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली. दोन्ही शोध शेजारी शेजारी लागले, पण दोन्हीची गरज एकाच रुग्णाला पडते तेव्हा निर्णय अवघड होतो.

धातूची झडप टिकाऊ असते, पण रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं आणि डायलिसिसच्या रुग्णाला आधीच रक्तस्रावाचा धोका जास्त. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ते औषध कायम लागत नाही, पण तिच्यावरही कॅल्शियम लवकर बसू शकतं. म्हणून एकेकाळी डायलिसिसवरच्या रुग्णाला धातूचीच झडप बसवा असा सल्ला असायचा. २००२ साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दोन्ही झडपांच्या रुग्णांच्या जगण्यात फरक दिसला नाही आणि तो सल्ला मागे पडला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये डॉ. अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवून दाखवली. आज तिला टावी म्हणतात. वय झालेल्या, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांसाठी हा मोठा आधार आहे. पण टावीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत डायलिसिसचे रुग्ण घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत डॉक्टर आजही वय, हृदयाची ताकद, रक्तस्रावाचा धोका आणि किडनी प्रत्यारोपणाची शक्यता बघूनच निर्णय घेतात.

जेपींच्या काळात यातलं बरंच काही नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांच्या हातात मशीन, पथ्य आणि औषधं एवढंच होतं.

शेवटचे महिने

मार्च १९७९ ची ती चुकीची बातमी पसरली तेव्हा जेपी जसलोकमध्ये होते. त्यातून ते सावरले आणि पाटण्याला परतले. पण ज्यासाठी त्यांनी जीव पणाला लावला होता, ते डोळ्यांसमोर मोडत होतं. जनता पक्षातल्या नेत्यांची भांडणं विकोपाला गेली आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार पडलं.

८ ऑक्टोबर १९७९ ला सकाळी पाटण्यातल्या घरी जेपींचं निधन झालं. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. त्यांच्यावर गंगेकाठी अंत्यसंस्कार झाले. १९९९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

डायलिसिसमुळे त्यांना जवळपास चार वर्षं मिळाली. या चार वर्षांत आणीबाणी उठली, निवडणूक झाली आणि स्वतंत्र भारतात पहिल्यांदा केंद्रातलं सरकार मतपेटीतून बदललं. मशीन नसतं, तर १९७७ ला विरोधकांना एकत्र आणायला जेपी नसते.

पण त्याच चार वर्षांत किडनी निकामी झालेल्या भारतातल्या असंख्य लोकांना मशीनचं दर्शनही झालं नाही. त्यांच्यासाठी रुपया जमवणारं कुणी नव्हतं. २०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, ज्यात जिल्हा रुग्णालयांमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. जेपींसाठी लोकांनी जे एका घरात उभं केलं, ते सरकारी दवाखान्यात यायला चाळीस वर्षं लागली. आजही तालुक्याच्या गावातून पहाटेची एसटी पकडून आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणारा रुग्ण असतो. चार तास मशीनवर काढून तो संध्याकाळी घरी परततो आणि दोन दिवसांनी पुन्हा निघतो.